गाभ्यातला दुभाष्या

शाळेतल्या कॉम्प्युटरवर एखादा प्रोग्राम अडकला, तर गुरुजी तेवढा बंद करतात आणि बाकीचे काम चालू राहते. पण कधी कधी सगळे यंत्रच गप्प होते. मग ते नव्याने सुरू करावे लागते, आणि जपून न ठेवलेले मार्कांचे कोष्टक जाते ते जातेच. हा फरक कशामुळे पडतो?

कॉम्प्युटरच्या आत एक मुख्य कारभारी असतो. त्याला 'कर्नल' म्हणतात. आपण गाभा म्हणू. पाटकरी पाण्याच्या पाळ्या लावतो, तसा हा मेमरी, डिस्क आणि बाहेरून येणारी माहिती यांची व्यवस्था लावतो. एखाद्याच्या शेतात बांध फुटला, तर पाटकरी त्याचे पाणी बंद करील. पण पाटकऱ्याच्याच हातून चूक झाली, तर तिला आवरणारा वर कोणी नाही. गाभ्याचेही तसेच.

गाभा बहुधा 'सी' भाषेत लिहितात. ही भाषा वेगवान खरी, पण मेमरीतला पत्ता चुकला तर भलत्याच जागी लिहून मोकळी होते. म्हणून काहींनी विचार केला: गाभ्यात एक सोपी भाषा बसवली तर? त्यासाठी निवडली 'लुआ'. ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोच्या कॅथॉलिक विद्यापीठात १९९३ साली ती जन्मली. पोर्तुगीज भाषेत लुआ म्हणजे चंद्र. २०१५ साली 'नेटबीएसडी ७.०' या प्रणालीच्या गाभ्यात ती आली.

लुआचे काम दुभाष्यामार्फत चालते. तो एकेक सूचना वाचतो आणि पार पाडतो. त्यामुळे सूचना लिहिणाऱ्याचा हात थेट मेमरीला लागत नाही, आणि गाभा पुन्हा न घडवता नवा नियम घालता येतो. मात्र दुभाष्यामुळे वेग कमी होतो. शिवाय नेटबीएसडीच्या गाभ्यातल्या लुआला अपूर्णांक वर्ज्य! तेथे रुपयांचा हिशेब पैशांतच करावा लागतो, असे समजा.

म्हणाल, मग धोका संपला का? नाही. 'सूचना पुन्हा कर, पुन्हा कर' असे कोणी लिहिले आणि थांबायचे सांगितलेच नाही, तर दुभाष्या बिचारा करीतच राहील आणि बाकीचे ताटकळतील. यावर डिस्कची व्यवस्था पाहणाऱ्या 'झेडएफएस'ने तोड काढली. तेथील लुआ प्रोग्रामला एरवी १ कोटी सूचनांची आणि १० मेगाबाइट मेमरीची मर्यादा असते. ती ओलांडली की काम तेथेच थांबते. हे प्रोग्राम चालवण्याचा अधिकारही मुख्य व्यवस्थापकालाच असतो.

थोडक्यात, भाषा सोपी झाली म्हणून जबाबदारी हलकी होत नाही. दुभाष्याला गाभ्यात जरूर बसवावे. पण त्याच्या हाती कोणत्या किल्ल्या द्यायच्या आणि त्याने कोठे थांबायचे, हे आधी ठरवावे.