रक्तरसातील प्रथिने व तपमान : कोलिनएस्टरेजच्या मापनाचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत कपाशीवर कीटकनाशके फवारणाऱ्या शेकडो शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण दगावले. फवारलेल्या द्रव्यांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरस-संयुगे होती. ही संयुगे कोलिनएस्टरेज या एंझाइमास निकामी करतात. त्याचा एक प्रकार यकृतात तयार होऊन रक्तरसात येतो, व त्याची क्रियाशीलता मोजून बाधेचा अंदाज बांधता येतो. परंतु हे एंझाइम प्रथिन आहे, आणि म्हणून मापनाच्या प्रत्येक पायरीवर तपमान आड येते.

रक्तरसातील प्रथिने उन्हाळ्याने बिघडतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती फारशी खरी नाही. काँप्लिमेंट या नावाने ओळखला जाणारा नाजूक प्रथिनसमूह निष्क्रिय करण्यासाठीही रक्तरस ५६° से. वर अर्धा तास ठेवण्याचा प्रघात आहे. अल्ब्युमिन तर योग्य स्थिरकारी द्रव्य मिसळल्यास ६०° वर दहा तास टिकते; विषाणुनाशाची ती रूढ रीतच आहे. यापुढे यवतमाळचा वैशाखही थिटाच. शिवाय कपाशीवरील फवारणी होते ती पावसाळ्यात.

खरी अडचण निराळी आहे. प्रथिनाची घडी न मोडताही विक्रियेचा वेग बदलतो. रक्तरसातील कोलिनएस्टरेजची क्रियाशीलता २५° वर जेवढी भरते, तिच्या सुमारे दीडपट ती ३७° वर भरते. २५° वरील आकडा ३७° साठी ठरविलेल्या मर्यादांशी ताडला, तर निरोगी मनुष्य बाधित ठरेल. उलट केल्यास बाधित मनुष्य निरोगी म्हणून घरी जाईल, आणि ही चूक अधिक घातक.

दुसरा दोष नमुन्याच्या प्रवासात शिरतो. रक्तात विष शिल्लक असेल, तर ते काचनळीतही एंझाइमावर क्रिया करीत राहते. रुग्णास प्रॅलिडॉक्झिम दिले असल्यास त्याचीही क्रिया नळीत चालू राहू शकते. थंडाव्याने दोन्ही मंदावतात; म्हणून तालुक्याहून जिल्ह्यास जाणारा नमुना बर्फाच्या पेटीत हवा. मात्र न विलगलेले रक्त गोठवू नये, कारण तांबड्या पेशी फुटून त्यांतील कोलिनएस्टरेज रक्तरसात मिसळते व आकडा फुगतो. आधी रक्तरस वेगळा करावा.

एवढे करूनही निरोगी व्यक्तींच्या आकड्यांत मोठी तफावत आढळते. यकृताच्या विकारात तो विषाविनाही उतरतो. त्यामुळे हंगामापूर्वी घेतलेला त्याच मजुराचा आकडा तुलनेस सर्वांत उपयुक्त. तोही त्याच पद्धतीने व त्याच तपमानावर घेतलेला असावा.