गोधडी शिवताना सुई का मोडते?

होळी झाली की मावळात गोधड्यांचे दिवस येतात. शेतीच्या कामांना थोडी उसंत असते, ऊन कडक असते, जुनी लुगडी-पातळे धुऊन खडखडीत वाळतात. मिरगाचा पाऊस लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर येऊन ठेपायच्या आत घरात दोन नव्या गोधड्या तयार असाव्यात असे प्रत्येक घरातल्या बाईला वाटते. पूर्वी चारचौघी ओसरीवर बसून हे काम हाताने करीत. आता पुष्कळ घरांत पायमशीन आहे, आणि नव्याने शिकणाऱ्या मुलीची पंचाईत तिथेच होते. परकर, झबले ती सुरळीत शिवते. पण गोधडी लावली की टक्कन आवाज होतो आणि सुई मोडते. दुसरी लावावी, तीही मोडते. चार सुया गेल्या की घरातलं कुणीतरी म्हणतं, "अगं, ठेव ते. मशीन बिघडवशील." झालं, तिचं शिकणं तिथेच थांबतं. वास्तविक मशीन बहुधा बिघडलेलं नसतंच.

कापड जाड म्हणून सुई मोडते, अशी सर्वांची समजूत. ती अर्धीच खरी आहे. फळ्यावरचा खडू घ्या. टेबलावर सरळ उभा धरून वरून दाबलात तर तो बराच भार सोसतो; आडवे बोट लावलेत की कटकन मोडतो. सुईचेही तसेच. ती कडक पोलादाची असते, सरळ खाली जाताना पुष्कळ थर भेदते. पण तिच्या वाटेत प्लेटचे जे भोक असते ते सुईपेक्षा थोडेच मोठे. सुई जराशी बाजूला वाकली की टोक भोकात न जाता लोखंडावर आपटते. तेव्हा, सुईला आडवे कोण ओढते, हा प्रश्न विचारायचा.

बहुतेक वेळा आपलेच हात ओढतात! मशीनची रचना अशी आहे की प्लेटखालचे दाते कापड पुढे सरकवतात ते सुई वर असताना; सुई कापडात असते तेव्हा कापड स्थिर राहावे लागते. मिनिटाला ६०० टाके पडतात असे धरा. म्हणजे सेकंदाला १०, आणि त्यांतला सुमारे अर्धा वेळ सुई कापडात. एका टाक्याला सेकंदाचा विसावा भाग. एवढ्या अवधीत कापड एक सूत जरी मागे ओढले गेले, तरी सुई वाकते. गोधडी जड असते, दात्यांना आवरत नाही, म्हणून शिकणारी मागून दोन्ही हातांनी ओढते. शिवाय गोधडीचा उरलेला भाग टेबलावरून खाली लोंबत असतो. तो त्याच्या वजनाने ओढतो ते वेगळेच.

म्हणून पहिला उपाय मशीनला नाही, बैठकीला करायचा. मशीनच्या मागे आणि डाव्या हाताला बाक किंवा खाट लावा, गोधडीचा भार त्यावर राहू द्या. न शिवलेला भाग गुंडाळून घ्या. टाका मोठा ठेवा, पाय हळू चालवा. हातांनी कापडाला फक्त दिशा द्यायची, ओढायचे नाही.

अमेरिकेत गोधडीकरिता लांब हाताचे निराळे मशीन असते, त्याला लाँगआर्म म्हणतात. तिथे उलटा प्रकार. गोधडी चौकटीवर ताणून स्थिर ठेवतात आणि मशीनच रुळांवर, मुठी धरून, तिच्यावरून फिरवतात. नवशिक्यांच्या सुया तिथेही मोडतात, आणि कारण तेच: सुई कापडात असताना हाताने हिसका दिला जातो. काही मशीनांना हाताच्या गतीप्रमाणे टाक्याचा वेग राखणारी योजना असते; आपल्या पायमशीनवर ते काम पायाला आणि कानाला करावे लागते.

सुई मोडली की लगेच दुसरी लावू नका. आधी प्लेट पाहा. भोकाच्या मागच्या कडेला ताजा ओरखडा असेल तर कापड मागे ओढले गेले असे समजा. बाजूला असेल तर सुई वाकडी होती किंवा सैल बसली होती. ओरखडा बारीक पॉलिश कागदाने घासून टाका, नाहीतर पुढे दोरा त्यात अडकत राहील.

नवी सुई बसवताना ती वर टेकेपर्यंत ढकला आणि मगच स्क्रू आवळा. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, दुसऱ्या बाजूला लांब खोबण असते. दोरा ज्या बाजूने नेढ्यात जातो त्या बाजूला खोबण हवी. कारखान्यातल्या मशीनची सुई बहुधा गोल दांड्याची असते. दुकानात मागताना जुनी सुई बरोबर न्या. नंबरही पाहा. १४ नंबरची सुई सुमारे ०.९ मिलिमीटर जाड, १६ नंबरची १ मिलिमीटर, १८ नंबरची १.१. फरक किरकोळ दिसतो, पण साध्या कापडाची बारीक सुई गोधडीत लवकर वाकते. गोधडीला १६ किंवा १८ लावावी. दोऱ्याचंही बघा. सुती दोरा अडकला तर तोच तुटतो आणि सुई वाचते. पॉलिएस्टरचा चिवट दोरा तुटत नाही, सुईलाच ओढतो. तेव्हा रीळ मोकळे फिरते ना, हे आधी पाहावे.

आता कापड. जुन्या कपड्यांतले हूक, बटणे, विसरलेल्या टाचण्या चाचपून काढा. थर सरकू नयेत म्हणून आधी हाताने लांब धावदोरा घाला. लुगड्याचा जाड काठ दुसऱ्या शिवणीवर आला तर तेवढे टाके पायाने न घालता चाक हाताने फिरवून घाला. आणि स्पष्टच सांगतो, थंडीसाठी सात-आठ थरांची गोधडी करायची असेल तर ती हातानेच शिवावी. तिथे मशीनचा हट्ट नको. मशीनला दुपटी आणि पातळ गोधड्या द्याव्यात.

एवढे करूनही सुई मोडली तर दोरा आणि कापड काढा, बॉबिन केस नीट बसली आहे का पाहा, आणि चाक हाताने सावकाश फिरवा. खाली टक् असे लागले तर सुई बॉबिनभोवतीच्या आकड्यावर, ज्याला शिंपी शटल म्हणतात त्यावर, आपटते आहे. सुई नीट बसवूनही तसेच होत असेल तर कारागिराला दाखवा. स्क्रू आपण सैल करू नयेत.

मावळच्या पावसाळ्यात सुया गंजतात. गंजलेली सुई खरखरीत होते, कापडात अडकते. सुया मशीनचे तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून डबीत ठेवाव्यात.

आता सर्वांत महत्त्वाचे. मोडलेल्या सुईचे तुकडे एका साबूत सुईशेजारी मांडून जुळवा. टोक कमी असेल तर ते शटलमध्ये तरी आहे किंवा गोधडीत तरी. गोधडीवरून लोहचुंबक सावकाश फिरवा, दोन्ही बाजूंनी. चुंबक शाळेच्या विज्ञानाच्या पेटीत असतो. गुरुजींनी तो एक दिवस द्यायला हरकत नसावी. जुन्या, बंद पडलेल्या रेडिओच्या स्पीकरमध्येही निघतो. टोक सापडेपर्यंत ती गोधडी बाळाच्या अंगाखाली घालू नका.