ॲप झालं, पण फोन कोणाचा?

नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर्स उभी आहेत. तिथून रिक्षाने जाता येईल अशा दिघ्याच्या किंवा तुर्भ्याच्या वस्तीत काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला विचारा, तंत्रज्ञानात काय मदत हवी? उत्तर बहुधा ठरलेलं: ‘एक ॲप करून द्या.’ सीएसआरवाल्यांनाही ते आवडतं. ॲपचं उद्घाटन करता येतं ना!

तंत्रज्ञान म्हणजे ॲप, हा सगळ्यात महागडा गैरसमज. डॉ. अपर्णा हेगडे यांनी 2008 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘आरमान’ संस्थेची ‘एममित्र’ सेवा पाहा. गरोदर बाईला आणि बाळंतिणीला तिच्या भाषेत, तिने सांगितलेल्या वेळी, ध्वनिमुद्रित फोन येतो. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, वाचताही यायला नको. वेळ विचारून घेण्यातच सगळी मेख आहे. पुष्कळ घरांत फोन एकच, तोही दिवसभर नवऱ्याच्या खिशात. हे प्रोग्रामरला सुचत नाही. वस्तीत फिरणाऱ्या ताईंना पाठ असतं.

एआय आलं की कार्यकर्ते नकोत, असंही हल्ली ऐकू येतं. ‘एममित्र’मध्येही बऱ्याच बायका काही काळाने फोन ऐकणं सोडून देतात. प्रत्येकीला फोन करून विचारपूस करण्याइतकं मनुष्यबळ नसतं. मग कोणाला करायचा? 2021 मध्ये गूगल रिसर्चसोबत सुमारे 23 हजार बायकांवर याचा अभ्यास झाला. एका गटासाठी एआय मॉडेलने फक्त यादी काढली, फोन माणसांनीच केले. त्या गटातली गळती सुमारे 30 टक्क्यांनी घटली. ज्या गटात नुसते ओळीने फोन केले, तिथे म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

‘आमच्याकडे पैसे कुठे?’ हे अर्धंच खरं. पात्र नोंदणीकृत संस्थांना गूगल ईमेल आणि कागदपत्रांची व्यवस्था फुकट देतं. खरी मेहनत माहिती नीट लिहिण्यात आहे. एकाच मुलीचं नाव तीन वह्यांत तीन तऱ्हांनी असेल, तर कुठलंही सॉफ्टवेअर तिच्या तीन मुली करणार. प्रत्येकीला एक क्रमांक आणि एक एक्सेल शीट, एवढ्यावर छोट्या संस्थेची काही वर्षं सहज निघतात.

क्यूआर कोड लावला की देणग्यांचं काम संपलं, असंही नाही. पैसे येतात, पण देणगीदाराचा पॅन येत नाही. 2021-22 पासून 80जीची सवलत देणाऱ्या संस्थांना वर्षभरातल्या देणगीदारांचं विवरण 31 मेपर्यंत आयकर खात्याकडे ऑनलाइन भरावं लागतं. हिशेब पाहणाऱ्या काकांची मे महिन्यातली झोप त्यातच उडते.

आणि ‘डेटाचे कायदे कंपन्यांसाठी, आम्ही तर सेवा करतो’ हा समज सर्वांत धोक्याचा. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ट्रस्टलाही लागू आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने होतो आहे. 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल. बालगृहातल्या मुलांची ओळख जाहीर करणं तर बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली आधीपासूनच गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी वाढदिवसाचे फोटो नावागावासकट व्हॉट्सॲपवर फिरतातच. देणगीदाराला फोटो हवाच असेल, तर केकचा पाठवावा.