जुना ट्रॅक्टर घेतला आणि इंजिन बसले, तर?



हंगाम तोंडावर आला की जुन्या ट्रॅक्टरची खरेदी सुरू होते. पंधरा दिवसांत इंजिन बसले, तर विकणारा म्हणतो, "तुम्ही बघूनच घेतला की!" एवढ्यावर गप्प बसू नये, असे आमचे सांगणे आहे.

घेतला कोणाकडून, हे आधी पाहावे. जुन्या ट्रॅक्टरच्या व्यापाऱ्याकडून घेतला असेल, तर १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे तो वापरण्याजोगा असलाच पाहिजे. मात्र तपासताना सहज दिसला असता असा दोष आपल्याच गळ्यात. स्वतःच्या पोटापाण्यासाठी ट्रॅक्टर चालवणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

शेजारगावच्या शेतकऱ्याकडून घेतला असेल, तर हा आयोग उपयोगाचा नाही. "इंजिन कधी खोललेलंच नाही," अशी जाणूनबुजून थाप मारली, हे दिवाणी कोर्टात शाबीत करावे लागते. तोंडी थाप शाबीत करायची कशी? म्हणून तो शब्द सौदापावतीवरच लिहून घ्यावा, खाली साक्षीदाराची सही घ्यावी. लिहून द्यायला कां-कू करणाऱ्याचा ट्रॅक्टर आम्ही तरी घेणार नाही. आर.सी. बुकावर बँकेचा बोजा आहे का, तेही त्याच बैठकीत बघून घ्या.