लहान मुलांना चित्रकथा शिकवताना : चार चौकटींची पद्धत

एनएसएसच्या शिबिरात तुमच्यापैकी अनेकांना शाळेतल्या मुलांसोबत काम करावे लागते. होसकोटे परिसरातल्या शाळांत आमचे विद्यार्थी चित्रकथा शिकवतात, तेव्हा बहुतेकांची पहिली चूक एकच असते. मुलाचे चित्र वाकडे आले की ते पेन्सिल घेऊन स्वतःच काढून देतात. चित्र सुबक होते, पण गोष्ट मुलाची राहत नाही. म्हणून पहिला नियम : मुलाच्या कागदाला हात लावू नका.

शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ने चित्रकला न शिकलेल्या लोकांसाठी एक सोपी पद्धत रुजवली. गोष्ट चार चौकटींत मांडायची, दोन ए-४ कागद जोडून भित्तिपत्रक करायचे आणि झेरॉक्स काढून गावात लावायचे. लहान मुलांसाठी एकच कागद पुरतो.

१. गोष्ट आधी तोंडी ऐका. समजा, कुत्र्याने चप्पल पळवली. पहिल्या चौकटीत कोण आणि कुठे, दुसरीत अडचण, तिसरीत ती वाढते, चौथीत शेवट.

२. कागदाला दोन घड्या घाला. चार चौकटी तयार होतात. दोन चौकटींच्या मधले वाचक मनाने भरतो. त्यामुळे धावण्याचे प्रत्येक पाऊल काढावे लागत नाही.

३. चेहऱ्यासाठी एक गोल पुरे. भुवया आणि तोंडाची रेघ बदलली की राग, भीती, आनंद दिसतो.

४. संवाद आधी लिहायचा, फुगा त्याभोवती नंतर काढायचा. उलट केले तर अक्षरे मावत नाहीत.

आमच्याकडे एकाच वर्गात कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी मुले असतात. उर्दू लिहिणारे मूल उजवीकडून सुरुवात करील. ती चूक नव्हे. चौकटींना क्रमांक घालायला सांगा. एखाद्याला लिहिता येत नसेल, तर शब्दांशिवाय गोष्ट करू द्या. भोज (जि. बेळगाव) येथे १९२५ मध्ये जन्मलेले शि. द. फडणीस यांची कितीतरी हास्यचित्रे एकाही शब्दाविना कळतात.

आता तपासणी. चित्रकथा दुसऱ्या मुलाला द्या आणि गोष्ट सांगायला सांगा. तो जिथे अडखळेल, तिथे काहीतरी राहिले आहे. काय राहिले ते काढणाऱ्यालाच शोधू द्या. तोवर तुम्ही गप्प बसायचे; या कामातला सर्वांत अवघड भाग हाच.

स्वाध्याय : आज तुमच्यासोबत घडलेला एक प्रसंग शब्दांशिवाय चार चौकटींत काढा आणि मित्राला वाचायला द्या.