घाटावरची वही

सकाळी ८
अनंत चतुर्दशी, मुठेकाठ. नववी ते अकरावीची ११ मुलं, हातमोज्यांची पिशवी आणि माझी वही. 'तुला काय करायला आवडेल?' हे विचारणं मी सोडून दिलंय. 'काहीही चालेल, सर' एवढंच उत्तर येतं. कामं तीन: पायऱ्यांच्या तोंडाशी निर्माल्य मागून घेणं, ते निवडणं आणि टेबलावर माहिती देणं. प्रत्येकाने तिन्ही करून बघायची. पाण्याकडे कुणी फिरकायचं नाही, तिथे जीवरक्षक आहेत.

९.३०
वक्तृत्वाच्या ढाली आणणारी मुलगी पायऱ्यांवर. एक आजोबा पिशवीसकट निर्माल्य नदीत टाकायला निघाले, तर हिने प्रदूषणावर मुद्देसूद भाषण ठोकलं. वादात तीच जिंकली. पिशवी मात्र नदीत गेली. शेजारचा अबोल मुलगा पुढच्या बाईंना एवढंच म्हणाला, "काकू, द्या, मी धरतो." काकूंनी दिली.

११
निवडणं लांबून सोपं दिसतं. दूर्वांच्या जुड्यांना रबरबँड, हारांत जरीच्या पट्ट्या, शिवाय कापसाची वस्त्रं, थर्माकोल, सुपाऱ्या, काळी पडलेली केळी. फुलांचं खत व्हायचं तर दोरा आधी निघायला हवा. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंनी युक्ती दाखवली: "गाठ सोडवत बसू नको. काप, नि एका बाजूनं ओढ." दोन मुली दहा मिनिटांत नाक धरून उठल्या. उठल्या तर उठल्या. वास सगळ्यांना सोसत नाही. अबोल मुलगा मात्र मांडी ठोकून बसला.

१२.३०
वडापाव. "सर, प्रमाणपत्र मिळेल ना?" मिळेल की. मी तरी लेझीम पथकात कशासाठी गेलो होतो? फेट्यासाठीच. एकाचे कान लक्ष्मी रस्त्यावरच्या ढोलांकडे. त्याला सोडून दिलं. वहीत नोंद: 'ढोलपथक?'

३
टेबलावर अमोनियम बायकार्बोनेटच्या पिशव्या. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती नदीत विरघळत नाही. या पावडरच्या पाण्यात, घरच्या बादलीत, साधारण दोन दिवसांत विरघळते. तळाशी खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट उरतो, वरचं अमोनियम सल्फेटचं पाणी झाडांना खत म्हणून चालतं. पद्धत पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची. हे सगळं सांगत होती ती ढालीवाली. इथे लोक स्वतःहून विचारायला येतात, त्यामुळे तिला कुणाला हरवावं लागत नव्हतं. बादली केवढी हवी, पाणी किती, दिवसातून कितीदा ढवळायचं, लोकांचे प्रश्न संपेनात. चहाला दोनदा हाक मारली, आली नाही. नोंद केली.

५
गर्दी वाढली. वहीत लिहायला सवड नाही.

७
अंधार पडला की मुलांना घरी धाडायचं, हा आमचा नियम. पालक आले. अबोल मुलाचे बाबा स्कूटर चालू ठेवूनच हॉर्न वाजवत होते. झेंडूने पिवळी झालेली बोटं न थांबवता तो म्हणाला, "बाबा, दोनच हार राहिलेत."

ताईंनी त्याच्या मागून आणखी एक टोपली सरकवली.