तलवारीच्या पाण्यातील सूक्ष्म विश्व

बाहेरगावचे पाहुणे हैदराबादेस आले म्हणजे सालारजंग संग्रहालय दाखविल्यावाचून आपण त्यांना सोडीत नाही. तेथील शस्त्रदालनात बहुतेकांचे लक्ष मुठींवरील नक्षीकडे जाते. परंतु अशा जुन्या शस्त्रांचे खरे नवल पात्यात असते. पाण्याच्या लहरींसारख्या रेषा अंगावर मिरविणाऱ्या दमास्कसच्या तलवारी जगभर नावाजल्या गेल्या. त्यांसाठी लागणारे ‘उक्कु’ पोलाद दक्षिण हिंदुस्थानातून जाई.

निजामाबादकडील कोनसमुद्रम् हे त्याचे एक माहेरघर. लोखंड मातीच्या मुशीत बंद करून दीर्घकाळ तापवावयाचे आणि अगदी सावकाश निवू द्यावयाचे, हे या विद्येचे सार. इराणी व्यापारी या गावापर्यंत येत, असे वॉयझी यांच्या १८३२ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तावरून कळते.

२००६ साली ड्रेस्डेन येथील पीटर पाउफलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सतराव्या शतकातील अशा एका तलवारीचा नमुना आम्लात विरघळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना त्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिका आढळल्या. सर्वच तज्ज्ञांना हा निष्कर्ष मान्य नाही. तरी त्याने कुतूहल जागविले, हे निश्चित.

ही सूक्ष्मता किती? नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. आपला केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. नलिका इतकी अरुंद झाली की इलेक्ट्रॉनला केवळ लांबीच्या दिशेनेच मोकळे फिरता येते. म्हणून तिला एकमितीय पदार्थ म्हणतात. कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा, म्हणजे ग्राफीन, हा द्विमितीय. त्यावरील संशोधनास २०१० साली नोबेल पारितोषिक लाभले. पदार्थ तोच, पण आकार घटला की त्याचे गुणधर्म पालटतात. आज हैदराबाद विद्यापीठात, गोपनपल्लीच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि बाळापूरच्या नवपदार्थ केंद्रात अशाच पदार्थांचा अभ्यास चालतो.

मग ती जुनी विद्या लोपली कशी? कारखान्यांतील स्वस्त विलायती पोलाद आले आणि भट्ट्या थंडावल्या. दुसरेही एक कारण संभवते. अमेरिकेतील व्हरहोव्हन यांनी दाखविले की, त्या लहरी उमटण्यास खनिजातील व्हॅनेडियमसारख्या धातूंचा लेशमात्र अंश आवश्यक असतो. खाण बदलली आणि तो अंश हरपला, तर कारागिराची कृती तीच राहूनही लहरी उमटावयाच्या नाहीत. आपले कोठे चुकले, हे त्या बिचाऱ्यास कळण्याचा मार्गच नव्हता.

हातात होते ते कागदावर उतरले नाही. हात गेले, त्यांबरोबर विद्याही गेली. त्या कारागिरांची नावेही आज आपणांस ठाऊक नाहीत. पुढील खेपेस पाहुण्यांसह त्या दालनात गेलात, तर मुठीवरची नजर क्षणभर पात्याकडे वळवावी. तेवढे ऋण आपण हैदराबादकरांनी मानावयासच हवे.